घड्याळ एक तास मागे : लॉफलिनमधल्या दोन रात्री

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आजचा भाग जरा घरचा आहे आणि शेजारी आई बसली असेल तर तिने सगळंच ऐकावं असं नाही. किंवा ऐकावंही. तुमचं तुम्ही ठरवा.

तर गेल्या फेब्रुवारीत, म्हणजे २०२५च्या, आई-बाबा माझ्याकडे ॲरिझोनात आले होते. मी फिनिक्सजवळ राहतो. बाबा एस.टी.च्या हिशेब खात्यातून रिटायर झालेले, आई घर सांभाळून शिवणकाम करणारी. आम्ही मूळचे इचलकरंजीचे. ग्रँड कॅन्यन झाला, मॉल झाले, माझ्या ऑफिसची बिल्डिंग बाहेरून बघून झाली. मग दोन दिवसांची सुट्टी हाताशी होती आणि बजेट नव्हतं. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, लॉफलिनला जा. वेगसची गरीब मावसबहीण समज. खोल्या स्वस्त, नदी समोर, गर्दी नाही. मी बुक करून टाकलं. आईला सांगितलं, नदीकाठचं गाव आहे. कसिनोंचं गाव आहे हे सांगायचं मी टाळलं. का टाळलं ते पुढे येईल.

लॉफलिन नेवाडाच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. लास वेगसपासून दीडशे किलोमीटर, आमच्याकडून साधारण चार तास. रस्ता सगळा वाळवंटातून. विकेनबर्ग सोडलं की दोन्ही बाजूंना जोशुआची झाडं सुरू होतात, हात वर करून उभी असलेली. त्याच रस्त्यावर 'नथिंग' नावाचं एक गाव आहे. खरंच, नकाशात बघा. आता तिथे कुणी राहत नाही. आईने विचारलं, "आलं का काही बाहेर?" मी म्हणालो, "नथिंग." तिला वाटलं मी उद्धटपणा करतोय.

किंगमन मागे टाकून घाट उतरलो की खाली एकदम हिरवी-निळी रेघ दिसते. कोलोराडो नदी. अलीकडच्या काठावर बुलहेड सिटी, ॲरिझोना. पलीकडच्या काठावर नऊ-दहा उंच हॉटेलं, नेवाडा. मध्ये पूल. पूल ओलांडला आणि माझ्या फोनमधलं घड्याळ एक वरून बारावर गेलं. ॲरिझोना उन्हाळ्यातही घड्याळं बदलत नाही, नेवाडा बदलतं, त्यामुळे उन्हाळ्यात दोन्ही काठांवर एकच वेळ असते आणि हिवाळ्यात तासाचा फरक पडतो. आई म्हणाली, "एक तास फुकट मिळाला की!" बाबा मात्र वैतागले. त्यांच्या एचएमटीत भारताची वेळ लावलेली होती, आणि 'साडेबारा तास वजा' हे गणित त्यांना आता कुठे पाठ झालं होतं. त्यात परत साडेतेरा. बरं, नदीकाठच्या खोलीत फोन कधी ॲरिझोनाचा टॉवर पकडतो, कधी नेवाडाचा. रात्री पाण्याला उठलात की किती वाजले हे फोनच्या मूडवर.

या गावाची गोष्ट सांगतो, कारण मला ती फार आवडली. १९६४ साली इथे गाव नव्हतंच. रस्ता संपायचा तिथे नदीकाठी आठ खोल्यांचं एक बंद पडलेलं, दिवाळखोरीत निघालेलं मोटेल होतं. डॉन लॉफलिन नावाच्या माणसाने ते विकत घेतलं. हा मिनेसोटाचा. शाळेत असतानाच याची स्लॉट मशीनं लावून कमाई सुरू होती. मुख्याध्यापकांनी सांगितलं, एक तर मशीनं नाहीतर शाळा. याने शाळा सोडली. तर या मोटेलात चार खोल्यांत याचं कुटुंब राहायचं, उरलेल्या चार भाड्याने. डझनभर स्लॉट मशीनं, आणि ९८ सेंटमध्ये पोटभर चिकनचं जेवण. पलीकडे डेव्हिस धरणाच्या बांधकामाने वसलेली बुलहेडची वस्ती. जुगार नेवाडात १९३१पासून कायदेशीर, ॲरिझोनाच्या त्या काठावर नाही. लोक नदी ओलांडून यायला लागले. पुढे पोस्टखात्याच्या अधिकाऱ्याने सांगितलं की पत्रं यायची तर गावाला नाव पाहिजे, आणि शेवटी मालकाचंच आडनाव लागलं. १९८७मध्ये या माणसाने स्वतःच्या पैशाने नदीवर पूल बांधून दिला. गिऱ्हाईक होडीने येण्यापेक्षा गाडीने आलेलं बरं, इतका साधा हिशेब. तो २०२३मध्ये गेला, ९२ वर्षांचा होऊन, शेवटपर्यंत आपल्याच हॉटेलच्या वरच्या मजल्यावर राहिला.

हे सगळं मी गाडीत सांगत होतो. बाबा म्हणाले, "कितीला घेतलं म्हणालास? नाही, कधी?" मी म्हणालो १९६४. ते गप्प झाले. मग म्हणाले, "आपल्याकडं पण रतन खत्रीचा मटका चौसष्टलाच सुरू झाला." बास, एवढंच.

इथे जरा थांबून सांगायला लागेल, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मटका म्हणजे फक्त कुल्फी माहीत असेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला, किती बंद झाला, हे आकडे तारेने मुंबईला यायचे आणि त्यावर पैज लागायची. म्हणून 'ओपन' आणि 'क्लोज'. ते आकडे यायचे थांबले तेव्हा कल्याणजी भगतने १९६२मध्ये आणि मग रतन खत्रीने आपले आकडे काढायला सुरुवात केली. नाव मटका, कारण चिठ्ठ्या मडक्यातून काढत. गिरणीतल्या, यंत्रमागावरच्या माणसाला रुपया-दोन रुपये लावता यायचे. कापूस विणणारा माणूस कापसाच्या आकड्यावर पैसे लावायचा, हे मला तरी अजून नीट पचलेलं नाही.

माझे आजोबा इचलकरंजीत मागावर कामाला होते. घरात एवढंच सांगितलं जायचं की 'त्यांना नाद होता'. आजीच्या पाटल्या गेल्या, राहतं घर जाता जाता राहिलं. आमच्या घरी पत्ते नव्हते. दिवाळीतसुद्धा नाहीत. कॅरम होता, त्यावर पण 'डाव लावू नका' हे वाक्य ठरलेलं.

आता कळलं ना मी आईला फक्त 'नदीकाठचं गाव' का म्हणालो ते?

हॉटेलात शिरलो तर रिसेप्शनला जायचा रस्ताच मशीनांमधून. मुद्दाम तसंच असतं. सिगरेटचा जुना वास, गालिचा, हजार मशीनं एकाच सुरात किणकिणतायत. पण वेगस डोळ्यांसमोर आणू नका. इथे सगळे सत्तरीचे. थंडीत उत्तरेकडची बर्फातली म्हातारी माणसं मोठाल्या गाड्या घेऊन इकडे मुक्कामाला येतात. कुणी ऑक्सिजनची नळी लावून खेळतंय, कुणी स्वेटर विणता विणता बटण दाबतंय. आईला एकदम घरच्यासारखं वाटलं. "अगंबाई, हे तर हळदीकुंकवासारखं आहे," म्हणाली, आणि वीस डॉलर मागून एका मशीनसमोर बसली. म्हैस होती त्या मशीनवर. तासाभरात चौदा डॉलर वर आली, बटण दाबून कागदाची चिठ्ठी काढली, पैसे घेतले आणि म्हणाली, "चला, जेवू या." पुन्हा त्या मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. अशी माणसं असतात. कसिनोवाले अशा माणसांवर जगत नाहीत.

बाबा रुलेटच्या टेबलामागे जाऊन उभे राहिले. हात मागे बांधून, डेपोत उभे राहायचे तसे. चाळीस मिनिटं. मग माझ्याकडे आले. "खाने अडतीस आहेत. एक ते छत्तीस, एक शून्य, एक डबल शून्य. आकडा आला तर पस्तीस देतात आणि आपला एक परत, म्हणजे छत्तीस. अडतिसात दोन खातोय." मी हो म्हणालो. "आपल्याकडं आकडे दहा, एकाला नऊ द्यायचा. जोडीत शंभर, एकाला नव्वद. दहात एक खायचा. त्यामानानं हा बरा म्हणायचा." आणि परत गेले टेबलाकडे.

यात एक गोम आहे, ती मी तेव्हा बाबांना सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. टक्के कमी दिसतात, पण ते तुमच्या खिशातल्या पैशावर नसतात, प्रत्येक वेळी लावलेल्या पैशावर असतात. समजा मशीनवर एका वेळी एक डॉलर लावला, मिनिटाला दहा वेळा बटण दाबलं, तर तासात सहाशे डॉलर लावून होतात. खिशात शंभरच असतात, तेच आत-बाहेर फिरत राहतात. मशीन शंभरातले नव्वद परत देणारं असलं, तरी तासाला साठ गेले. नेवाडाचा नियम तर म्हणतो, हिशेबाने किमान पंच्याहत्तर टक्के परत आले म्हणजे झालं. आणि मशीनचं चाक दिसतं तसं नसतं. १९८४मध्ये इंगे टेलनेस नावाच्या इंजिनिअरने पेटंट घेतलं, तेव्हापासून आकडा आत कॉम्प्युटर ठरवतो आणि बाहेरचं चाक फक्त तो दाखवतं. त्यामुळे मोठ्या बक्षिसाच्या एक घर वर, एक घर खाली चाक वारंवार थांबेल असं ठरवता आलं. 'थोडक्यात हुकलं' असं वाटतं ना, ते वाटावं म्हणून बसवलेलं असतं.

मला हे सगळं कसं माहीत? वाचलंय. नताशा डाऊ शूल यांचं 'ॲडिक्शन बाय डिझाईन' म्हणून पुस्तक आहे, वेगसमधल्या मशीनवर खेळणाऱ्यांवर. त्या लिहितात की बरेच जण जिंकायला खेळतच नाहीत, त्या तंद्रीत राहायला खेळतात. ते वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण ती तंद्री मला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओटमनला गेलो, अर्ध्या-पाऊण तासावर, जुन्या रूट ६६वर. सोन्याच्या खाणींचं गाव, १९४२मध्ये युद्धामुळे खाणी बंद पडल्या, माणसं गेली आणि खाणीत ओझी वाहणारी गाढवं मागे राहिली. आता त्यांचे वंशज रस्त्याच्या मधोमध उभे असतात आणि गाड्यांच्या खिडकीत तोंड घालतात. कायद्याचं संरक्षण आहे त्यांना. तिथल्या जुन्या हॉटेलच्या भिंती-छत सगळं एकेक डॉलरच्या नोटांनी मढवलेलं आहे, लोक नाव लिहून चिकटवून जातात. बाबांनी अंदाजाने नोटा मोजायचा प्रयत्न केला आणि आईने त्यांना ओढून बाहेर काढलं. बाकी ओटमनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाढवं बघायला जा.

आता मुख्य गोष्ट. शेवटच्या दिवशी पहाटे. हॉटेलांच्या मागून नदीला लागून चालायचा रस्ता आहे. बाबांना पहाटे फिरायची सवय, मी पण उठलो. पलीकडे बुलहेडचे दिवे. वरच्या बाजूला धरण आहे, विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडतात, त्यामुळे नदी दिवसातून चढते-उतरते. पाणी धरणातून येतं म्हणून उन्हाळ्यातही बर्फगार. आणि उन्हाळा म्हणजे साधा नाही, १९९४च्या जूनमध्ये इथे पारा ५२ला टेकला होता. आम्ही गेलो तेव्हा छान गारवा होता. धक्क्याजवळ बदकं आणि हाताएवढे मासे खाण्याच्या आशेने जमलेले. पुढे जहाजाच्या आकाराचा एक कसिनो आहे, कोलोराडो बेल. २०२०मध्ये कोविडात बंद झाला तो परत उघडलाच नाही. दिवे नसलेलं आख्खं जहाज, काठावर अडकलेलं.

तिथे बाबा थांबले. म्हणाले, "तू किती घालवलेस?"

मी म्हणालो, "कशात?"

"दोन दिवस बघतोय. तू एकदा पण मशीनकडं बघितलं नाहीस. न खेळणारा माणूस बघतो, तुझी आई बघत होती, मी बघत होतो. तू भिंतीकडनं चालतोयस. दादा सोडायचे ना मटका, महिना-पंधरा दिवस, तेव्हा पानपट्टीवरनं जायचं नाहीत. मळ्यातनं वळसा घालून जायचे."

दादा म्हणजे माझे आजोबा.

मी सांगितलं. लॉकडाऊन, पुण्यातली खोली, रूममेट गावी गेलेला. रमीचं ॲप. पहिले पाचशे त्यांनीच दिले, बोनस म्हणून. सुप्रीम कोर्टाने १९६७मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलेलं आहे, हे मी त्या दिवसांत स्वतःला रोज सांगायचो. मी इंजिनिअर, मला शक्यता समजतात, मी काय मागावरचा अडाणी माणूस आहे? रात्री अकराला बसायचो, चारला उठायचो. यूपीआयला पासवर्ड टाकायला तीन सेकंद लागतात. आजोबांना निदान पानपट्टीपर्यंत चालत तरी जावं लागायचं. आठ महिन्यांत तीन लाख चाळीस हजार. त्यातले एक लाख फ्लॅटच्या डिपॉझिटला म्हणून बाबांनीच पाठवलेले. उरलेले बहुतेक पर्सनल लोन. घरी सांगितलं होतं, शेअर मार्केटमध्ये बसले.

बाबा ऐकत होते. मी म्हणालो, फिटलं सगळं, तीन वर्षांत फेडलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता ते दादांचं काढतील, पाटल्यांचं काढतील. मी तयारीत होतो.

त्यांनी काढलं, पण वेगळंच. म्हणाले, "बहात्तरचा दुष्काळ होता. मी पंधरा वर्षांचा. दादांची चिठ्ठी मीच नेऊन द्यायचो पानपट्टीवर, दोन रुपये आणि जोडी लिहिलेला कागद. एकदा शाळेची फी भरायची राहिली होती, मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं. त्या दिवशी मी चिठ्ठी लावलीच नाही. दोन रुपये ठेवून घेतले. म्हटलं, रोज जातंयच की, आज फीला जाऊ दे."

मग बराच वेळ बोलले नाहीत. मला कळलं होतं पुढे काय ते.

"त्याच दिवशी जोडी लागली. एकशे ऐंशी रुपये. दादा वाजत-गाजत गेले पैसे आणायला. बुकी म्हणाला, चिठ्ठीच आली नाही. दादांना वाटलं बुडवतोय. मारामारी झाली. त्याची माणसं होती, दादांचा हात मोडला. दोन महिने मागावर जाता आलं नाही. पाटल्या त्यात गेल्या. मटक्यात नाही गेल्या."

मी विचारलं, आजोबांना सांगितलंत का?

"नाही. मरेपर्यंत त्या बुकीला शिव्या घालत होते. मी ऐकत होतो."

आईला माहीत आहे का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही नाही. आम्ही तसेच त्या बंद जहाजापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. नदीचं पाणी चढलं होतं, जाताना दिसत असलेले दगड येताना दिसत नव्हते. खोलीत आई बॅग भरून तयार बसलेली. "दोघं कुठं गेला होता? नाश्ता साडेनऊपर्यंतच आहे." बाबांनी विचारलं, "कुठल्या साडेनऊपर्यंत?"

येताना पूल ओलांडला तसा मिळालेला तास परत गेला. बाबा मागच्या सीटवर झोपले होते.

ऑगस्टमध्ये आपल्याकडे ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचा की नशिबाचा हा वादच ठेवला नाही. बातमी बाबांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली काही न लिहिता. मी अंगठा दाखवला. दहा मिनिटांनी त्यांचा फोन. म्हणाले, "ते लोन बंद केल्याचा बँकेचा कागद आहे का तुझ्याकडं? पाठव. आणि व्याजाचा तक्ता पण पाठव."

पाठवला. तीन दिवसांनी वहीच्या पानाचा फोटो आला, निळ्या शाईत, डावीकडे समास सोडून. छत्तीस हप्ते, एकेक ओळ. खाली लिहिलं होतं: "अकराशे सोळा रुपये जास्त घेतलेत. अर्ज कर. मसुदा मी देतो."

अर्ज केलाय. अजून उत्तर नाही. आलं की सांगतो.

चला, भेटू पुढच्या भागात.